भिंगाची वक्रता आणि नजरेचा प्रश्न : मराठी चित्रपट-छायालेखनातील प्रतिमा-विरूपणाचा ऐतिहासिक अभ्यास (१९३४ ते २०१६)

प्रस्तावना :

सोलापूर जिल्ह्याचे नाव चित्रपटाच्या इतिहासात वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या कारणांनी येते. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चीनमधील सेवाकार्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. पंढरपूर येथे जन्मलेल्या व सोलापुरात शालेय शिक्षण घेतलेल्या डॉ. जब्बार पटेल यांनी ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ यांसारखे चित्रपट दिले. करमाळा तालुक्यातील जेऊर या गावचे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) व ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांनी मराठी पडद्याचा प्रेक्षकवर्गच बदलून टाकला. या सर्व चित्रपटांची चर्चा आजवर प्रामुख्याने कथाशय, सामाजिक भूमिका, अभिनय व संगीत या अंगांनी झाली आहे. पडद्यावरील प्रतिमा ज्या काचेतून जाऊन चित्रफितीवर उमटते, त्या भिंगाचा विचार मात्र मराठीत तुलनेने कमी झालेला आढळतो.

भिंग हे निव्वळ पारदर्शक साधन नाही. ते दृश्य जसेच्या तसे आत घेत नाही; ते निवडते, जवळ आणते, दूर लोटते, कधी ताणते, तर कधी वाकवते. या वाकवण्याचा हेतुपुरस्सर वापर करणारे छायालेखक महाराष्ट्रात बोलपटाच्या पहिल्या दशकातच होऊन गेले. प्रस्तुत निबंधात ‘प्रभात’च्या दोन चित्रपटांतील प्रयोगांपासून सुरुवात करून सोलापूरच्या मातीतील अलीकडच्या चित्रपटांपर्यंतचा प्रवास तपासला आहे. प्रतिमा कोणत्या तंत्राने वाकवली, एवढाच प्रश्न येथे नाही. ती कोणाच्या नजरेसाठी वाकवली आणि कोणाच्या चेहऱ्यावर वाकवली, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

विरूपणाचे स्वरूप :

‘विरूपण’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. म्हणून त्याचे प्रकार प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार खऱ्या अर्थाने भिंगाचा दोष आहे. वाइड अँगल, म्हणजेच विस्तृत कोनातून पाहणाऱ्या भिंगात चौकटीच्या कडेच्या सरळ रेषा पिंपाच्या फळ्यांप्रमाणे बाहेर फुगतात. फिशआय भिंगात हा फुगवटा इतका वाढतो की क्षितिजसुद्धा कमानीसारखे दिसते. माशाला पाण्यातून वरचे जग कसे दिसत असेल, या कुतूहलातून अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ मध्ये या प्रकारच्या दृश्याचा प्रयोग केला होता. पुढे आकाशातील ढगांचे संपूर्ण छायाचित्र घेण्यासाठी अशी भिंगे बनवण्यात आली आणि त्यानंतर ती कलावंतांच्या हाती आली.

दुसरा प्रकार भिंगापेक्षा अंतरावर अवलंबून असतो. माणसाच्या नाकाचा शेंडा व कान यांत १० सेंटीमीटर अंतर धरले आणि कॅमेरा नाकापासून ३० सेंटीमीटरवर ठेवला, तर कान कॅमेऱ्यापासून ४० सेंटीमीटरवर राहतो. म्हणजे नाकाच्या तुलनेत तो एक तृतीयांशाने अधिक दूर असतो. त्यामुळे नाक अवास्तव मोठे व कान लहान भासतात. तोच कॅमेरा ३ मीटरवर नेला की हा फरक जेमतेम ३ टक्क्यांवर येतो आणि चेहरा सपाट दिसू लागतो. दूरवर उभे राहून तो सपाट चेहरा चौकटभर मोठा करायचा असेल, तर जास्त नाभीय अंतराचे टेलिफोटो भिंग लागते. काटेकोर अर्थाने हे भिंग रेषा वाकवत नाही. परंतु खोलीची नेहमीची जाणीव ते काढून घेते. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हेही एक विरूपणच ठरते.

तिसरा प्रकार ॲनामॉर्फिक भिंगाचा होय. हे भिंग दृश्याची रुंदी दाबते, उंची मात्र तशीच ठेवते. चित्रफितीवर माणसे उंच व किडकिडीत उमटतात आणि प्रक्षेपणाच्या वेळी उलट गुणधर्माचे भिंग लावून त्यांना पुन्हा पसरवले जाते. येथे विरूपण हे साध्य नसून रुंद पडद्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आहे.

पूर्वपीठिका :

प्रतिमा वाकवण्याचे पहिले धाडस युरोपात झाले. फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांनी १९१५ मध्ये एका लघुपटात वेड्या शास्त्रज्ञाची कथा सांगताना विरूपित प्रतिमांचा मुक्त वापर केला. १९२० च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ या जर्मन चित्रपटात वाकड्या भिंती व तिरप्या खिडक्या दिसतात. मात्र त्या भिंगाने नव्हे, तर नेपथ्यकारांच्या रंगकामाने वाकवलेल्या होत्या. १९२४ च्या मुर्नाऊ यांच्या ‘द लास्ट लाफ’ या चित्रपटात छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी कॅमेऱ्यालाच पात्राच्या मनःस्थितीत उतरवले. बाहेरचे जग वाकडे रंगवण्याऐवजी पाहणाऱ्याची नजरच वाकवायची, हा बदल महत्त्वाचा होता.

महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांनी कॅमेऱ्याच्या युक्त्यांचा पाया घातला. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या वेलाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून दिवसांचा काळ काही क्षणांत दाखवला होता. येथे आकार नव्हे, तर काळ दाबला गेला. डोळ्याला जे सहज दिसत नाही, ते यंत्राने दाखवता येते, हा विश्वास मात्र तेथेच रुजला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वदेशी कॅमेरा तयार करून ही परंपरा पुढे नेली आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. परदेशी यंत्रावर केवळ विसंबून न राहता ते उघडून पाहण्याची, त्याचे गुणदोष हाताळून समजून घेण्याची सवय या मंडळींना कोल्हापुरातच लागली होती.

राजगुरूचा डोळा :

‘प्रभात’ने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्याचा प्रयत्न केला. त्याच्या रंगप्रक्रियेसाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले. रंगाचा तो प्रयत्न मनाजोगता साधला नाही. तथापि जर्मन चित्रपटांतील छायाप्रकाशाची व कॅमेऱ्याच्या हालचालीची ओळख त्यांना जवळून झाली. त्याच सुमारास कंपनी पुण्यास आली आणि पुण्यातील नव्या स्टुडिओत १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ तयार झाला. हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत काढलेल्या या चित्रपटाचे छायालेखन केशवराव धायबर यांचे होते. राजगुरूची भूमिका हिंदीत चंद्रमोहन यांनी, तर मराठीत केशवराव दाते यांनी केली.

चित्रपटाची कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर आधारलेली आहे. देवीपुढे होणारे नरबळी व पशुबळी बंद करण्याचा निर्णय राजा घेतो आणि त्याने चिडलेला राजगुरू राजाचाच बळी घेण्याचे कारस्थान रचतो. या राजगुरूचा एकच डोळा संपूर्ण पडदा व्यापतो, असे दृश्य चित्रपटात आहे. भारतीय चित्रपटातील टेलिफोटो भिंगाचा आरंभीचा वापर म्हणून या दृश्याचा उल्लेख चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत वारंवार केला जातो.

या प्रयोगाचे कष्ट आज सहज लक्षात येत नाहीत. टेलिफोटो भिंगाच्या चौकटीत जागा थोडी मावते; म्हणून नटाने मान किंचित हलवली तरी डोळा चौकटीबाहेर जातो. कॅमेऱ्याला बसलेला सूक्ष्म धक्का पडद्यावर कितीतरी पटींनी मोठा दिसतो. ज्या अंतरावर प्रतिमा स्पष्ट राहते तो पट्टाही फार अरुंद असतो. त्या काळातील चित्रफितीला प्रकाश भरपूर लागे, आणि येथे तर काळोखाचे वातावरण राखून प्रकाश द्यायचा होता. छायालेखक व नट या दोघांनीही श्वास रोखूनच असे दृश्य घ्यावे लागते.

परंतु या दृश्याचे महत्त्व तांत्रिक विक्रमात नाही. ज्याच्या नजरेला नजर देण्याची प्रजेची छाती नाही, त्या धर्मसत्ताधाऱ्याच्या डोळ्याच्या शिरा व बुबुळ प्रेक्षक निवांतपणे न्याहाळतो. चेहऱ्यापासून तुटलेला डोळा माणसाचा उरत नाही. तो सत्तेचे चिन्ह होतो. त्याच वेळी तो इतका मोठा, इतका उघडा पडतो की त्यातील भयही दिसू लागते. प्रजेवर पाळत ठेवणारा डोळाच येथे पाळतीखाली आला आहे.

काकासाहेबांचा आरसा :

तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, ‘प्रभात’ने ‘कुंकू’ काढला. त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या नावाने प्रसिद्ध झाली. ही कथाही नारायण हरी आपटे यांचीच. त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ती घेतली होती. छायालेखन व्ही. अवधूत यांचे होते. वयोवृद्ध विधुर वकील काकासाहेबांशी नीरा या तरुणीचे लग्न फसवून लावले जाते आणि नीरा त्यांना पती मानण्यास ठाम नकार देते. नीरेची भूमिका शांता आपटे यांनी व काकासाहेबांची केशवराव दाते यांनी केली. पार्श्वसंगीत संपूर्णपणे टाळून घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज यांसारख्या नैसर्गिक ध्वनींवर हा चित्रपट उभा राहिला.

संगीताचा आधार काढून घेतल्यामुळे मनातील खळबळ दाखवण्याची जबाबदारी प्रतिमेवर आली. त्यासाठी अवधूत यांनी आरशाचा वापर केला. तरुण दिसण्याची धडपड करणाऱ्या काकासाहेबांना आरसा त्यांचे वयच परत दाखवत राहतो. आरसा फुटतो तेव्हा एका चेहऱ्याचे अनेक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यातून काकासाहेबच काकासाहेबांना हिणवतात. येथे भिंग वक्र नाही; प्रतिमा भिंगापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मोडली आहे. प्रकाशशास्त्राच्या भाषेत ‘अमृतमंथन’मध्ये वक्रीभवनाचा, तर ‘कुंकू’मध्ये परावर्तनाचा प्रयोग आहे, असे म्हणता येईल.

दोन्ही प्रयोगांना जोडणारा धागा लक्षणीय आहे. मराठी राजगुरू व काकासाहेब या दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या. दोन्ही पात्रे सत्ताधारी आहेत. एकाची सत्ता देवळात, दुसऱ्याची घरात. प्रतिमा मोडते, फुगते, तुटते ती या सत्ताधाऱ्यांची. काकासाहेबांचा आरसा फुटतो, नीरेचा नव्हे. ज्याला स्वतःविषयी खोटे बोलायचे आहे त्याचीच प्रतिमा वाकडी होते. जिला खरे बोलायचे आहे ती सरळ चौकटीत उभी राहते. प्रतिमा-विरूपणाला ‘प्रभात’ने असा नैतिक अर्थ दिला. युरोपीय प्रयोगांत विरूपण बहुधा वेडाचे, स्वप्नाचे वा नशेचे लक्षण होते; मराठी पडद्यावर ते अन्यायाचे लक्षण झाले, हे या दोन चित्रपटांचे वेगळेपण होय.

दाबलेली प्रतिमा, रुंद पडदा :

स्वातंत्र्योत्तर काळात विरूपणाचे एक निराळे रूप आले. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेत्यां यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेल्या ॲनामॉर्फिक भिंगाच्या तत्त्वावर अमेरिकेत ‘द रोब’ (१९५३) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट प्रदर्शित झाला. भारतात गुरुदत्त यांनी मुंबईत काढलेला ‘कागज के फूल’ (१९५९) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट ठरला. त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती होते.

आरंभीच्या सिनेमास्कोप भिंगांत एक खोड होती. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ गेला की दाबण्याचे प्रमाण कमी पडे आणि प्रक्षेपणात चेहरा रुंद, सुजल्यासारखा दिसे. इंग्रजीत या दोषाला चक्क गालगुंडाचे नाव पडले होते. म्हणून जवळची दृश्ये जपून घ्यावी लागत. मूर्ती यांनी या मर्यादेचे सामर्थ्यात रूपांतर केले. रिकाम्या स्टुडिओत झरोक्यातून उतरणारा प्रकाशाचा झोत आणि त्या विस्तीर्ण अंधारात एकमेकांपासून दूर उभी असलेली दोन माणसे ही त्यांची रचना प्रसिद्ध आहे. त्या झोतासाठी त्यांनी सूर्यप्रकाश आरशांनी परावर्तित करून आत घेतला होता. ‘कुंकू’मध्ये चेहरा मोडणारा आरसा येथे प्रकाश वाहून आणू लागला.

सिनेमास्कोपमुळे विरूपण चित्रपटगृहापर्यंत पोहोचले, हीही ऐतिहासिक दृष्टीने नोंद घेण्याजोगी बाब आहे. पूर्वी छायालेखकाचे काम चित्रफितीवर संपत असे. आता प्रक्षेपकावर योग्य भिंग बसवले नाही, तर नायक-नायिका काड्यांसारख्या दिसत. महानगरातील असो वा सोलापूरसारख्या गिरणीगावातील असो, प्रत्येक प्रक्षेपक-चालक प्रतिमा सरळ करण्याच्या कामात छायालेखकाचा भागीदार बनला.

प्रभातच्या आवारातील दुसरा प्रयोग :

‘प्रभात’ बंद पडल्यानंतर पुण्यातील त्याच आवारात १९६० मध्ये चित्रपट-प्रशिक्षण संस्था सुरू झाली. येथे शिकलेल्या मणी कौल यांनी ‘उसकी रोटी’ (१९६९) या आपल्या पहिल्या कथापटात भिंगांचा एक शिस्तबद्ध प्रयोग केला. छायालेखक के. के. महाजन होते. त्यांनी प्रामुख्याने २८ मिलिमीटर व १३५ मिलिमीटर नाभीय अंतराची दोन भिंगे वापरली. पहिल्याने नायिकेचे प्रत्यक्ष जीवन व दुसऱ्याने तिचे मनोविश्व सूचित करायचे, अशी योजना ठरवण्यात आली आणि चित्रपट पुढे सरकताना ती उलटवण्यात आली. नवऱ्याची भाकरी घेऊन रस्त्याच्या कडेला वाट पाहणाऱ्या स्त्रीचे वास्तव कोणते व भास कोणता, हे ठरवण्याची खूण अशा रीतीने प्रेक्षकाच्या हातून निसटते.

‘अमृतमंथन’शी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तेथे भिंग प्रेक्षकाला थरारून टाकते. येथे ते लक्षातही येऊ नये इतके शांत राहते. विरूपण एखाद्या दृश्यापुरते अलंकार म्हणून न येता संपूर्ण चित्रपटाचे व्याकरण बनते. मात्र या व्याकरणाची ओळख नसलेला मोठा प्रेक्षकवर्ग अशा चित्रपटांपासून दूर राहिला, हेही मान्य करावे लागते.

सोलापूरची सरळ नजर :

या पार्श्वभूमीवर सोलापूरशी निगडित चित्रपटांकडे पुन्हा पाहता येते. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’चे छायालेखक ‘कुंकू’चेच व्ही. अवधूत होते. परंतु या चित्रपटाची ख्याती आरशाच्या वा भिंगाच्या प्रयोगासाठी नाही. युद्धभूमीवर रुग्णसेवा करताना १९४२ मध्ये मृत्यू पावलेल्या एका खऱ्या माणसाची ती कथा होती आणि चित्रपट निघाला तेव्हा त्या मृत्यूला जेमतेम चार वर्षे झाली होती. येथे उघडे पाडायचे काही नव्हते. स्मरणात ठेवायचे होते. एकाच छायालेखकाच्या कामातील हा फरक विषयाच्या गरजेतून आलेला आहे.

नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांत ही सरळ नजर वेगळ्या धारेने येते. ‘फँड्री’चे छायालेखक विक्रम अमलाडी व ‘सैराट’चे सुधाकर रेड्डी यक्कंटी. करमाळा परिसराचा उजाड पसारा, विहिरी व उसाचे फड यांना ‘सैराट’ने रुंद चौकटीत सन्मानाचे स्थान दिले. ‘फँड्री’च्या शेवटी अपमानाने पेटलेला जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने. राजगुरूच्या डोळ्याने प्रेक्षकावर रोखलेली नजर १९३४ मध्ये सत्तेची होती; २०१३ मध्ये कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर सत्तेने चिरडलेल्याची आहे. प्रतिमा वाकवण्याऐवजी येथे काचेवरच प्रहार होतो, आणि काचेच्या अलीकडे सुरक्षित बसलेला प्रेक्षक त्या प्रहाराच्या वाटेत येतो. विरूपणाच्या परंपरेला मिळालेले हे उत्तर आहे. त्यासाठी खास भिंगाची गरज पडलेली नाही.

पुराव्याचा प्रश्न :

अशा इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक गंभीर अडचण उभी राहते. जुन्या नायट्रेट चित्रफिती ज्वालाग्राही असतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट चित्रफितींना लागलेल्या आगीत मोठा ठेवा नष्ट झाला. त्यामुळे अनेक चित्रपट आता नंतरच्या प्रतींवरूनच पाहावे लागतात.

या प्रतींत आणखी एक विरूपण शिरते. बोलपटाच्या आरंभीच्या दशकांतील चौकटीची रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट होती. आजच्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याची रुंदी उंचीच्या १.७८ पट असते. जुने चित्र त्यात ताणून बसवले, तर प्रत्येक चेहरा सुमारे ३० टक्के रुंद होतो. असा ताणलेला ‘कुंकू’ पाहून अवधूत यांच्या रचनेविषयी मत बनवणारा अभ्यासक प्रत्यक्षात दूरचित्रवाणी संचाविषयी मत बनवत असतो. ताणण्याऐवजी वरखाली कापून चित्र बसवले, तर डोक्यावरची व पायाखालची जागा नाहीशी होते आणि दिग्दर्शकाची मांडणीच बदलते. म्हणून दिग्दर्शकाने निवडलेले विरूपण, तंत्राच्या मर्यादेतून आलेले विरूपण आणि नंतरच्या प्रतीत घुसलेले विरूपण हे तीन थर वेगळे केल्याशिवाय दृश्याचा अर्थ लावणे धोक्याचे ठरते. ताम्रपटाचे वाचन करताना मूळ अक्षर, कोरक्याची चूक व नंतरची झीज यांत इतिहासकार जसा भेद करतो, तसाच भेद येथेही करावा लागतो.

निष्कर्ष :

१. मराठी चित्रपटात भिंग व आरसा यांचे जाणीवपूर्वक प्रयोग १९३४ ते १९३७ या काळातच प्रगल्भ अवस्थेला पोहोचले होते. युरोपीय चित्रपटांशी झालेला परिचय त्यांना पोषक ठरला. परंतु त्यांना मिळालेला सामाजिक अर्थ येथील होता.

२. ‘अमृतमंथन’ व ‘कुंकू’ या दोन्ही चित्रपटांत प्रतिमेची मोडतोड सत्ताधाऱ्याच्या वाट्याला येते. विरूपण हे येथे चमत्कृतीचे नव्हे, तर न्यायनिवाड्याचे साधन आहे.

३. सिनेमास्कोपने विरूपणाला उद्योगाचा भाग बनवले, तर ‘उसकी रोटी’ने त्याला चित्रपटाच्या अंतर्गत व्याकरणाचे रूप दिले.

४. सोलापूरच्या भूमीशी निगडित चित्रपटांनी बहुतांशी सरळ प्रतिमेचा मार्ग स्वीकारला. ‘फँड्री’च्या अखेरीस पाहणारा व पाहिला जाणारा यांचे नातेच उलटते.

५. या क्षेत्रात संशोधन करताना मूळ चौकटीचे प्रमाण राखलेल्या प्रतींचाच आधार घेणे आवश्यक आहे.

भिंग वाकडे असल्यामुळे प्रतिमा खोटी ठरत नाही आणि ते सरळ असल्यामुळे ती आपोआप खरीही ठरत नाही. काच कोणी धरली आहे आणि तिच्यासमोर कोणाला उभे केले आहे, यावर प्रतिमेचा खरेखोटेपणा अवलंबून असतो. राजगुरूच्या डोळ्यापासून जब्याच्या दगडापर्यंतचा सुमारे आठ दशकांचा प्रवास हेच सांगतो.